देवचंद सरांचं तारू

आयटीआयमधून निवृत्त होताना देवचंद बिऱ्हाडे सरांना सहकाऱ्यांनी आरामखुर्ची भेट दिली. सरांनी ती फैजपूरच्या घरी आणली, दोनदा बसून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी अंगणात नेऊन सगळी खोलली. मागचा डावा पाय दोन सूत आखूड होता. बायको, लिलाबाई, दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "बसाकरता देयेल व्हती ती. तुमले बसनं जमतच नही."

लिलाबाई शिरपूरकडची. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी राग आला की तिच्या तोंडून माहेरची अहिराणीच निघे. आणि नवऱ्याचा राग तिला रोजच येई, कारण हा माणूस जेवतानाही ताटाखालचा पाट डगमगतो का ते बघायचा.

तीस वर्षं सरांनी मुलांना सुतारकाम शिकवलं. उरलेल्या वेळात विज्ञान मंचाच्या मुलांना घेऊन ते गावोगाव फिरले. नारळातून निघणारं कुंकू, आपोआप पेटणारा कापूर, जिभेतून आरपार जाणारी तार, सगळं आधी करून दाखवायचे आणि मग कसं केलं ते फोडून सांगायचे. रावेर-यावल पट्ट्यात कुणाच्या अंगात आलं की लोक आधी भगताला बोलावत आणि मग, थोडं लाजत, देवचंद सरांना.

असा हा माणूस वयाच्या सहासष्टाव्या वर्षी नोहाचं तारू बांधायला धुळ्याला गेला. कसा गेला, ते सांगायला हवं.

जानेवारीत एक दिवस पास्टर प्रेमराज वळवी त्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. धुळ्याच्या कडेला त्यांची छोटी मंडळी, म्हणजे उपासनेला जमणारी माणसं, होती आणि चर्चला मोठं आवार होतं. त्या आवारात मुलांसाठी बायबलातल्या तारवाची प्रतिकृती उभारायची होती. मंडळीतल्या कुणीतरी आयटीआयमध्ये सरांच्या हाताखाली शिकलं होतं, त्याने नाव सांगितलं.

"पास्टर, आधीच सांगतो," सर म्हणाले. "माझा यावर विश्वास नाही. जगभर पाणी भरलं, सगळे प्राणी एका नावेत मावले, यातलं काही घडलेलं नाही."

"मला सुतार पाहिजे, सर," पास्टर म्हणाले. "साक्षीदार मंडळीत पुष्कळ आहेत."

हे उत्तर सरांना आवडलं. त्यांनी चहा मागवला आणि माप विचारलं. ग्रंथात तीनशे हात लांबी, पन्नास हात रुंदी, तीस हात उंची दिली आहे. हात दीड फुटाचा धरला तर साडेचारशे फूट. पास्टरांना त्याच्या दहाव्या हिश्शाचं हवं होतं, म्हणजे पंचेचाळीस फूट लांब, साडेसात रुंद आणि साडेचार उंच. प्लायवूडचं, वरून तपकिरी रंग मारलेलं, आत मुलांना चढता येईल असं.

"प्लायवूड?" सर उठून येरझाऱ्या घालायला लागले. "तो गणपतीचा देखावा झाला. तारू म्हणताय ना? तारू म्हटलं की तरलं पाहिजे. पाण्यात सोडून दाखवेन, मगच तुमच्या आवारात ठेवा. कबूल असेल तर बोला."

पास्टरांनी इतका विचार केलाच नव्हता. पण समोरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं, ते बघून ते हो म्हणाले.

एकट्याचं हे काम नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सर एसटीने रावेरला गेले, चांदभाईच्या कारखान्यात.

चांदभाई आणि ते एकाच वयाचे, एकाच हाताखाली तयार झालेले. सरांच्या लहानपणी गावच्या सुताराने त्यांना ओट्याच्या खाली उभं ठेवून सांगितलं होतं की तुमच्या लोकांनी हत्याराला हात लावायचा नाही. तेव्हा रावेरच्या रहीम मिस्त्रींनी त्यांना घरात घेतलं. चांद हा मिस्त्रींचा मुलगा. मोठं लाकूड चिरताना करवतीच्या वरच्या टोकाला चांद असायचा आणि खालच्या टोकाला देवा, डोळ्यांत भुसा. पुढे देवा शिकून सरकारी नोकरीत गेला. चांद बापाच्या जागेवर बसला, दारं-खिडक्या करत राहिला. मैत्री तुटली नाही. सर अजूनही 'चांद' म्हणत आणि तो 'देवा'. सबंध रावेर-यावल पट्ट्यात सरांना अरे-तुरे करणारा तेवढा एकच.

काम ऐकून चांदभाईने हातातली पटाशी खाली ठेवली. "नूह अलैहिस्सलामची कश्ती? देवा, तू बांधणार?"

"आपण बांधणार."

"माझं ठीक आहे. मी मानतो. तू कशाला?"

"लाकडाला विचारतात का कोण मानतो ते?"

चांदभाई हसला आणि निघायची तयारी करायला लागला.

फेब्रुवारीत दोघे धुळ्याला चर्चच्या मागच्या खोलीत राहायला गेले. एक जुना जिनिंग कारखाना पाडला जात होता, त्याच्या सागवानी तुळया मंडळीतल्या एका माणसाने मिळवून दिल्या होत्या. शंभर वर्षांचं लाकूड, वरून काळं पडलेलं. रंधा मारला की आतून मधासारखा रंग निघायचा. बरगड्यांसाठी बाभूळ घेतली. मदतीला मंडळीतली दोन-तीन माणसं आणि कमलबाई नावाची एक विधवा बाई असायची. कमलबाई फळ्यांना पॉलिश पेपर मारायची आणि मिस्त्री लोकांपेक्षा जास्त प्रश्न विचारायची.

पहिला दीड महिना सुखाचा गेला. सकाळी काम सुरू झालं की वादही सुरू व्हायचा. चांदभाई नमाजाला गेला की तेवढा वेळ सर मशीन बंद ठेवायचे, वादही बंद. तो आला की पुन्हा सुरू.

"साडेचारशे फूट लाकडाची नाव होऊच शकत नाही," सर म्हणायचे. "इतकं लांब लाकूड लाटेवर पाठीत वाकतं. मधे उचललं जातं, टोकं खाली येतात. सांधे उघडतात, पाणी शिरतं. साडेतीनशे फुटाच्या पुढच्या लाकडी जहाजांवर माणसं रात्रंदिवस पाणीच उपसत होती."

पास्टर म्हणायचे, "सर, बांधायला ज्याने सांगितलं त्याला वाकणं माहीत नसेल का?"

"मग त्याने लोखंडाचं सांगायला हवं होतं."

चांदभाई मान न वर करता बोलायचा, "कोरड्या जमिनीवर बांधत होते ते. लोक येता-जाता हसायचे. पाणी कुठं आहे म्हणून विचारायचे. तरी बांधलं. मला त्यातलं एवढंच पुरतं."

आणि खरंच लोक येता-जाता थांबायचे. धुळ्याच्या त्या कोरड्या उन्हात, जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तिथे पंचेचाळीस फुटांची नाव उभी राहत होती. रिक्षावाले थांबून फोटो काढायचे. कुणीतरी ते फोटो पसरवले. एका सकाळी जळगावहून राकेशचा फोन आला.

राकेश सपकाळे हा सरांचा जुना विद्यार्थी, आता विज्ञान मंचाचा कार्यवाह. "सर, हे खरं आहे का? तुम्ही चर्चचं तारू बांधताय? आम्ही लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"सुतारकाम करतोय, राकेश."

"सर, तुमच्या सुतारकामावर उद्या बोर्ड लागेल, 'हे असं घडलं' म्हणून."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर सरांच्या हातून एक खाच वाकडी पडली. चाळीस वर्षांत अशी वाकडी खाच पडली नव्हती. त्यांनी ती फळी बाजूला टाकली आणि नवी उचलली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी पास्टरांनी संडे स्कूलची मुलं तारवाच्या सावलीत आणून बसवली. अर्धवट झालेली बाजू वर आभाळासारखी वाकली होती आणि खाली पंचवीसेक मुलं. सर पलीकडे बरगडीला गिरमिटाने भोक पाडत होते. पास्टर गोष्ट सांगत होते, की पृथ्वीवरची माणसं फार वाईट झाली होती, म्हणून देवाने पाणी पाठवलं, चांगले तेवढे वाचले आणि वाईट सगळे बुडाले.

गिरमिट थांबलं.

"त्यांच्यात लहान पोरं नव्हती का?" सर मोठ्याने म्हणाले.

मुलं वळून बघायला लागली.

"विचारतोय मी. चार वर्षांचं पोर किती वाईट असतं? काय केलेलं असतं त्याने?" त्यांचा आवाज चढला होता. कमलबाईने पुढे होऊन मुलांना उठवलं आणि खाऊ द्यायला आत नेलं.

पास्टर जवळ आले. चांदभाईही आला. त्याला यामागचं माहीत होतं. पास्टरांना सरांनीच सांगितलं, उभ्या उभ्या, तारवाला टेकून.

ते नऊ वर्षांचे होते. गाव तापीला मिळणाऱ्या एका छोट्या नदीकाठी. त्यांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून. श्रावणात वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि भर दुपारी, गावात ऊन पडलेलं असताना, पाणी आलं. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता, आणि देवाच्या हातात बहिणीचा हात, चार वर्षांच्या मथीचा. नंतर नुसताच हात, आणि मग तोही नाही. वस्तीतली सात माणसं गेली. वरच्या गावातलं कुणी नाही.

"आणि वरचं गाव काय म्हणालं माहीत आहे?" सर म्हणाले. "म्हणाले, यांनी धर्म बदलला, घरातले देव नदीत टाकले, म्हणून नदी कोपली. मथीला तर देव म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. माझा बाप निरक्षर. पण पाणी ओसरल्यावर त्याने एक नळी घेतली, पाणी भरून, गवंडी लेव्हल बघतात तशी. आमच्या उंबऱ्यापासून मारुतीच्या ओट्यापर्यंत माप काढलं. बारा फूट. आमची वस्ती बारा फूट खाली होती. तो मला म्हणाला, देवा, पाणी उताराकडे जातं, पापाकडे नाही. पास्टर, त्या दिवसापासून मी विज्ञान मानतो. पुस्तकं मग वाचली."

मग पास्टर खाली भुश्यात बसले.

"आमचं गाव धरणात गेलं," ते म्हणाले. "मी सात वर्षांचा होतो. तुमच्यासारखं एकदम नाही. हळूहळू, रोज थोडं. आधी नोटीस आली होती, कुणाला वाचता येत नव्हती. माझी आजी निघाली नाही. म्हणाली, पाणी दारात आलं की बघू. ते दारात आलं. तिला उचलून आणलं, पण ती मग महिनाभरच जगली. सर, आमच्याकडे कुणी तारू घेऊन आलं नाही. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला इतकंच दिसलं की एका माणसाने तरी आधी ऐकलं आणि बांधायला घेतलं."

"आणि बाकीचे बुडाले त्यांचं काय?"

"ते मला माहीत नाही," पास्टर म्हणाले. "मी त्यावरून घाईने पुढे जातो. आज तुम्ही थांबवलंत."

सरांना वाटलं होतं की बोलून टाकलं की बरं वाटेल. उलट झालं. त्या दिवसानंतर त्यांना एक जागी बसवेना, एक काम पुरं करवेना. दुपारी सगळे सावलीला आडवे झाले की ते टेप घेऊन नावेत शिरत. आतली जमीन मोजत. माणशी इतकी जागा, लहान मूल असेल तर इतकी, वजन इतकं. पाटीवर आकडे मांडत, पुसत. चांदभाईने एकदा वाकून पाहिलं. पाटीवर नावं होती. वस्तीतल्या घरांची नावं आणि प्रत्येकापुढे माणसं. बासष्ट. ती सगळी मावत होती. चांदभाई मागे फिरला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फळ्या बसल्या. फटींमध्ये चोपड्याकडच्या कापसाची पिळलेली दोरी ठोकून वर राळ आणि तेल भरलं, रहीम मिस्त्रींनी शिकवलं होतं तसं. पुढच्या शनिवारी धुळ्याबाहेर कमलबाईच्या दिराच्या शेततळ्यात नाव सोडायची ठरली. आणि राकेशने त्याच आठवड्यात, बुधवारी, धुळ्यात जाहीर चर्चा ठेवली. 'श्रद्धा की विज्ञान'. बोलणारे दोघं, पास्टर आणि सर.

"तुम्ही आमच्या बाजूने बोललात की सगळे प्रश्न मिटतील," राकेश म्हणाला.

हॉल भरला होता. अर्धी मंडळी, अर्धी कॉलेजची पोरं. सर चांगलं बोलले. वाकणाऱ्या लाकडाचं गणित, प्राण्यांची संख्या, डोंगर बुडवायला लागणारं पाणी कुठून आलं आणि गेलं कुठं. टाळ्या पडत होत्या. पास्टर कमी बोलले. शेवटी प्रश्न सुरू झाले तेव्हा मागून एक मुलगा उठला.

"सर, तुमच्यासोबत जे मिस्त्री काम करतात ते तर हे सगळं खरं मानतात. पन्नास वर्षांत तुम्ही त्यांना पटवू शकला नाहीत?"

सभागृह हसलं. आणि सर, टाळ्यांची धुंदी चढलेली असताना, बोलून गेले, "चांदभाई शाळेत गेला असता तर पटलं असतं."

हशा मोठा झाला. तिसऱ्या रांगेत बसलेला चांदभाई उठला. टोपी नीट केली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला. सरांनी ते पाहिलं. पुढचा प्रश्न काय होता ते त्यांना ऐकूच आलं नाही.

गुरुवारी चांदभाई कामावर आला. राहिलेले खिळे मारले, हत्यारं पुसून पेटीत ठेवली, पास्टरांचा निरोप घेतला आणि दुपारच्या गाडीने रावेरला गेला. सर दोनदा त्याच्या जवळ जाऊन उभे राहिले. दोन्ही वेळा त्याने फक्त "तो गुण्या दे" एवढंच म्हटलं. त्याने शाळा का सोडली होती ते सरांना माहीत होतं. करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता म्हणून. तो माणूस नंतर देवाच्या रूपाने आला, पण तोवर चांदचं वर्ष गेलं होतं.

शनिवारी ट्रेलर आला, क्रेन आली. लिलाबाई फैजपूरहून आली. शेततळ्याच्या बांधावर पाचशे माणसं तरी असतील. मंडळी गाणी म्हणत होती. राकेश विज्ञान मंचाचे टी-शर्ट घातलेली पोरं घेऊन आला होता. कमलबाईचा दीर तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळजीने सारखा ओरडत होता, "कागद फाटू देऊ नका, तळ्याचा कागद फाटू देऊ नका!" क्रेनचे पट्टे सैल झाले, नाव पाण्यावर टेकली आणि तरली. सरळ, हलकी, बदकासारखी. बांधावर एकच आरडाओरडा झाला. पास्टरांनी डोळे मिटले.

दहा मिनिटांनी सरांना दिसलं. उजवी बाजू एक बोट खाली होती. मग दोन बोटं. ते काठावरून पळत आत चढले आणि झाकण उघडलं. फटीफटीतून पाणी झिरपत होतं, एका ठिकाणाहून नाही, सगळीकडून. कारण कळायला क्षणही लागला नाही. दोन महिने धुळ्याच्या उन्हात उभ्या असलेल्या फळ्या आक्रसल्या होत्या. पाण्यात सोडण्याआधी आठ दिवस ओलं गोणपाट टाकून त्या भिजवायच्या असतात, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. रहीम मिस्त्रींच्या कारखान्यातलं पोरसुद्धा हे सांगेल. ते आठ दिवस सर भाषण लिहीत होते आणि आकडे मांडत होते. चांदभाईने एकदा आठवण केली तेव्हा ते 'टाकतो' म्हणाले होते, आणि पुन्हा आठवण करायची तर तो शेवटचे दोन दिवस बोलतच नव्हता.

तासाभरात नाव कमरेपर्यंत बुडाली आणि एका अंगावर कलून थांबली. लाकूडच ते, त्याखाली जाईना. बांधावरून आवाज येत होते. मंडळीतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "अविश्वासाच्या हाताचं काम, दुसरं काय होणार?" टी-शर्टवाली पोरं हसत होती, "बघा, तारवाचं असंच होतं." राकेश सरांजवळ येऊन म्हणाला, "सर, एका अर्थी आपला मुद्दाच सिद्ध झाला की."

"काही सिद्ध झालं नाही," सर म्हणाले. त्यांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. "फळ्या कोरड्या होत्या. एवढंच. बाजूला हो."

क्रेनवाल्याने विचारलं, काढू का. सर म्हणाले, "राहू दे. हात लावू नका." लोकांना वाटलं, म्हातारा खचला. लिलाबाईने त्यांना टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक पेपरात आलं, 'नास्तिकाचं तारू बुडालं.' सरांनी तो पेपर एसटीत वाचला. ते रावेरला चालले होते.

चांदभाई दाराची चौकट जुळवत होता. त्याने वर पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "फळ्या भिजवल्या होत्या का शेवटी?"

"नाही भिजवल्या."

चांदभाईने हातोडी खाली ठेवली. आधी त्याचा चेहरा कठीण होता, मग तो हसायला लागला, इतका की त्याला खोकला आला. "शिकलेला माणूस!" तो म्हणाला. "अरे, शाळेत गेलेला माणूस!"

"चांद, मी चुकीचं बोललो."

"ते मला बुधवारीच माहीत होतं. तुला कधी कळलं?"

"तू उठलास तेव्हा."

"मग तिथंच का नाही म्हणालास? सगळ्यांसमोर बोलला होतास, सगळ्यांसमोर म्हणायचं."

सर चौकटीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि ती धरली. चांदभाईने खाचेत कुसू ठोकायला घेतला. काम संपेपर्यंत दोघे तसेच राहिले. मग चांदभाईने हात धुतले, घरात सांगून आला आणि म्हणाला, "पाण्यातच ठेवलीस ना? बाहेर काढली असती तर परत सुकली असती."

"पाण्यातच आहे."

"एवढं तरी आठवलं."

नाव सहा दिवस पाण्यात राहिली. रोज दोघे जाऊन फटींवर हात फिरवत. तिसऱ्या दिवशी राळ बाहेर दाबली जायला लागली. पाचव्या दिवशी नख शिरेना. सहाव्या दिवशी सकाळी कमलबाईच्या दिराने केळीला पाणी द्यायची मोटर लावून दिली. दोन तासांत आतलं पाणी उपसलं गेलं. नाव हळूहळू वर आली, आधी उजवी बाजू आणि मग सगळी. दुपारपर्यंत सर आत बसून राहिले, कोरड्या फळीवर हात ठेवून. एक थेंब आला नाही. बांधावर त्या दिवशी पास्टर, कमलबाई, तिचा दीर, चांदभाई आणि लिलाबाई इतकेच होते. पेपरवाल्यांना पास्टरांनी फोन केला होता. कुणी आलं नाही.

पास्टर नावेत चढले. फळीवर बसून म्हणाले, "बोर्डावर काय लिहू, सर?"

"माप लिहा. लाकूड कोणतं ते लिहा. दोघांची नावं लिहा, चांदचं आधी. आणि एक, पुढच्या वेळी मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा ते 'वाईट सगळे' म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"मला काय माहीत. पास्टर तुम्ही आहात."

पास्टर हसले नाहीत. त्यांनी मान हलवली. पुढे जूनमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा ते सांगत होते की आता मुलं विचारतात, त्या माणसाने शेजाऱ्यांना का नाही घेतलं, आणि त्यांना दर रविवारी वेगळं उत्तर द्यावं लागतं.

राकेशशी सरांचं बोलणं बंद झालं नाही. ते मंचाच्या पुढच्या सभेला गेले आणि त्यांनी उभं राहून चांदभाईबद्दल बोललेलं परत घेतलं. काहींना ते कळलंच नाही. राकेशला कळलं, आणि त्याच्या चर्चेत टाळ्या घेतलेलं वाक्य मागे घेतलं म्हणून तो थोडा दुखावला. सरांची मतं बदलली नव्हती. साडेचारशे फुटांची लाकडी नाव तरत नाही, हे ते अजून तितक्याच जोराने सांगतात.

पण चैन काही पडेना. पावसाच्या तोंडावर ते चांदभाईला घेऊन जन्मगावी गेले. वस्ती अजून तिथेच, नदीला लागून. घरं आता सिमेंटची, उंबरे मात्र त्याच उतारावर. सरांनी सरपंच दिपमालाताईंना एक नकाशा दाखवला. वीस फुटांची, तळाला सपाट नाव. कायम वस्तीच्या वरच्या अंगाला बांधून ठेवायची, दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आठ दिवस भिजवायची.

"सर, आता वर बंधारा आहे," दिपमालाताई म्हणाल्या. "तीस वर्षांत पाणी उंबऱ्याला लागलेलं नाही. आणि नावेला परवानगी कोणाची घ्यायची, पाटबंधाऱ्याची की तहसीलची, तेही मला सांगता येणार नाही."

"दोन्हींचा अर्ज आणलाय," सर म्हणाले आणि पिशवी उघडली.

बाहेर चांदभाई ओट्यावर बसून वस्तीतल्या बायकांशी बोलत होता. पोरं हसत होती, नदीत गुडघाभरसुद्धा पाणी नाही आणि हे दोन म्हातारे नाव बांधणार म्हणून. लिलाबाईला हे संध्याकाळी कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "धुयाले बठ्ठा हासनात, आते आठेबी हासतीन," ती म्हणाली, आणि विचारलं की डबा एकाचा करायचा की दोघांचा.

अर्ज तहसीलमध्ये पडून आहे. सर दर सोमवारी जातात. बाभळीच्या बरगड्या मात्र रावेरला कापून झाल्या आहेत. तळ सागाचा करायचा की कडुनिंबाचा, यावर त्या दोघांचं अजून जमत नाही.